जोडल्यावरच दिसणारं भोक

बावडा मागं पडून बराच वेळ झाला होता, आणि स्वराली पुन्हा रस्ता सोडून आत वळली.

"अगं, इकडं कुठं? नरसिंगपूर सरळ हाय."

"आलेच मावशी. आवाज येतोय न्हवं?"

आवाज मलाही येत होता. उसाच्या फडापलीकडं कुणाच्या तरी गोठ्यात कडबाकुट्टी चालू होती. जनावरांसाठी कडबा, मका, उसाचं वाढं बारीक करायचं ते यंत्र. आमच्या भागात सकाळ झाली की हा आवाज सुरू होतोच, कुणी त्याच्याकडं कान देत नाही. ही पोरगी मात्र त्या आवाजानं दचकत होती. पहिल्या गोठ्यात तिनं लांबूनच वाकून बघितलं, "हिरवी हाय, आपली न्हाय," म्हणाली आणि फिरली. दुसऱ्या ठिकाणी कुत्रं मागं लागलं, तर मलाच पळायची वेळ आली. या वयात, हातात नारळाची पिशवी घेऊन.

ही तिसरी वेळ. तिथलंही यंत्र दुसऱ्याच कुणाचं निघालं. ती परत आली तेव्हा मी बांधावर बसले होते. म्हटलं, आता सांगितल्याशिवाय उठणार नाही.

मी दरवर्षी थंडीत एकदा बावड्यापासून नरसिंगपूरला चालत जाते. नरसिंह आमचं कुलदैवत. चालताना वायफळ बोलायचं नाही, मनात नाव घ्यायचं, एवढाच माझा नेम. यंदा स्वराली म्हणाली, "मावशी, मी पण येते." कामावर सुट्टी टाकली. मला बरं वाटलं. पोरीला देवाची ओढ लागली म्हणून मी आदल्या दिवशी दशम्या जास्त केल्या. पण निघाल्यापासून तिच्या पाठीवरच्या पिशवीत काहीतरी लोखंडी वाजत होतं, आणि ओढ देवाची नव्हती हे पहिल्या गोठ्यातच कळलं.

स्वराली आमच्या बारामतीच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते. खाली पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते. ती मूळची इंदापूर तालुक्यातली. बाप मल्हार मेंढरं राखायचा. पावसाळा संपला की बिऱ्हाड घोड्यावर, आणि ही पोर दोन-दोन महिने शाळेबाहेर. पुढं चरायला रानं उरली नाहीत, बापानं मेंढरं विकली, कालव्याखाली थोडी जमीन धरली आणि हिला एका शाळेत टिकू दिलं. पोर टिकली, पण बसायची सवय लागली नाही. अजूनही जेवते ती उभ्यानं. कपबशी हातात घेऊन खोलीत फेऱ्या मारते. नाव स्वराली, आणि आवाज असा की वरून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला गाडी थांबवतो.

कुठलीही वस्तू दिसली की ती मनातल्या मनात खोलायला लागते. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा सैल झालेला तिला जिन्यात कळतो. मागं तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामांनी विचारलं, "काम काय करता?" ही म्हणाली, "तुकडे करते आणि जोडते." मामांचा पोह्याचा चमचा तसाच राहिला. मग हिनं त्यांच्या खुर्चीखाली हात घालून बघितला, कारण खुर्ची डुगडुगत होती. ते स्थळ काही परत आलं नाही.

काम म्हणजे डिझाईनचं. एमआयडीसीत दादासाहेबांची शेड आहे, तिथं शेतीची अवजारं आणि कडबाकुट्ट्या बनतात. ही वर काचेच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर यंत्र काढते, खाली शेडमध्ये ते बनतं.

बांधावर मी तिला म्हटलं, "बस. काय शोधतीस ते सांग."

ती बसली नाही. उसाची पात ओढून तिचे तुकडे करत उभी राहिली आणि बोलायला लागली. मी समजले तसं सांगते.

तिच्या कॉम्प्युटरवर यंत्राचा प्रत्येक भाग वेगळा काढून ठेवलेला असतो. पत्रा वेगळा, चाक वेगळं, अँगल वेगळा. मग सगळे एकत्र आणून पडद्यावर अख्खं यंत्र उभं करायचं. त्या जोडलेल्याला ते असेंब्ली म्हणतात. कडबाकुट्टीत पात्यांचं चाक असतं, आणि हात आत जाऊ नये म्हणून त्याच्यावर झाकण. झाकणाचा पत्रा, बाजूचा पत्रा आणि खालचा अँगल, अशा तिघांतून आरपार बोल्ट जायचा होता, दोन्ही अंगांना एकेक. हिनं विचार केला, तीन भागांत वेगवेगळी भोकं कशाला काढा, एखादं इकडंतिकडं व्हायचं. म्हणून जोडलेल्या यंत्रातच थेट कट मारला. तिन्ही भोकं एका रेषेत आली, बोल्ट सुईत दोरा जावा तसा गेला.

"पण त्या कटाचं एक असतंय मावशी. तो जोडलेल्यातच राहतो. सुट्ट्या भागात जात न्हाय. जायला पाहिजे असंल तर तिथं एक बारका चौकोन असतो, त्यात खूण करायची. मी केली न्हाय."

"म्हणजे असेंब्लीत बघितलं तर भोक हाय, आणि तोच पत्रा एकटा काढून बघितला तर न्हाय?"

"न्हाय. सपाट."

मी जरा विचार केला. "म्हणजे बाईच्या अंगावर ब्लाऊज घालून टाचण्या लावल्या, तिथल्या तिथं टीप मारली, आणि पेपर कटिंग जुनंच ठेवलं."

"व्हय! आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर तीस ब्लाऊज बेतले."

"मग तीसच्या तीस ढगळे."

"नुसते ढगळे झाले असते तर बरं होतं."

तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "बायकांचंबी तसंच असतंय की. सासरी सगळ्यांत बसवली की भोकं पडलेली दिसत्यात. माहेरी एकटी आली की सपाट, जशी काय कुठं लागलंच न्हाय."

हसली. सकाळपासून पहिल्यांदा. पण लगेच वळून ऐकायला लागली, कुठं आवाज येतोय का.

मग चालता चालता पुढचं सांगितलं. लेझरवाल्याकडं पत्रे कापायला गेले ते सुट्ट्या भागांच्या ड्रॉईंगवरून. कापून आले ते भोकाशिवाय. खाली शेडमध्ये रामहरी जोडणीला होता. जुना वेल्डर, दादासाहेबांच्या पहिल्या दिवसापासूनचा. त्यानं खालून वर फोन लावला.

"मॅडम, झाकणाच्या पत्र्याला भोक न्हाय."

"हाय की."

"न्हाय ओ."

"रामहरीभाऊ, माझ्यासमोर दिसतंय. बोल्टासकट दिसतंय."

"मग मी चष्म्याचा नंबर काढून येऊ का?"

"या काढून. आणि पत्रा उलटा धरला असंल तर सुलटा करा."

रामहरी "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दोघंही खरं बोलत होते. हिच्या पडद्यावर भोक होतं, त्याच्या हातातल्या पत्र्याला नव्हतं. मध्ये फक्त एक जिना. जी पोरगी एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, ती त्या दिवशी खुर्चीतून उठली नाही. आणि रामहरीही वर आला नाही. माल त्याच दिवशी जायचा होता. त्यानं झाकणाला दोन्ही अंगांना वेल्डिंगचे टाके मारले, आणि शेडमधल्या पोरांना सांगितलं, "भोक मॅडमच्या कॉम्प्युटरात हाय. आपल्याकडं टाका हाय." पोरं हसली. पहिली खेप, निळ्या रंगाची तीसेक यंत्रं, टेम्पोत चढली आणि गावोगाव गेली.

पुढं मोठं मॉडेल काढताना हिनं झाकणाचा पत्रा एकटा उघडला. कोरा. पाटीसारखा. म्हणे, "मावशी, मी माऊस सोडला आणि हात मांडीवर घेऊन बसले. असं वाटलं, कुणीतरी मघाशीच भोक बुजवून गेलंय." मग जिना उतरून रामहरीकडं गेली. तो एवढंच म्हणाला, "मग मी काय सांगत होतो?"

मी म्हटलं, "पण टाका मारलाय न्हवं? वेल्डिंग म्हणजे पक्कंच."

"तिथंच गोम हाय. पात्यांना धार लावावी लागती. बोल्ट असला की पान्यानं खोलायचं, धार लावायची, परत आवळायचं. टाका कसा खोलणार? शेतकरी छिन्नी घालून तोडणार. आणि तोडलं की परत कशानं बसवणार? भोकच न्हाय."

हे दादासाहेबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. माणूस वाईट नाही. म्हणाले, "ड्रॉईंग सुधारलं का? झालं मग. ज्याचं झाकण सुटंल तो येईल की, फुकट बसवून देऊ." ही म्हणाली, "दादा, येईल तेव्हा हात जाऊन आलेला असंल." त्यावर ते म्हणाले, "तू लई विचार करतीस." ज्या दुकानांतून यंत्रं विकली गेली तिथंही ही गेली. कुणाला आठवत होतं, कुणाला नव्हतं. एकानं तर सांगितलं, "बाई, गिऱ्हाईक आलं, टेम्पोत घातलं, गेलं. वरात काढली न्हाय मी त्याची."

तेव्हापासून सुट्टीचा दिवस आला की ही निघते. रामहरीकडून बॅटरीचं ड्रिल मागून घेतलं आहे. त्यानं देताना नवी बिटं घालून दिली. पिशवीत वाजत होतं ते ड्रिल, कानस आणि बोल्ट. कन्हेरी झाली, काटेवाडी झाली. आता इंदापूरची बाजू. आणि मी समजत होते, ही माझ्याबरोबर देवाला आली आहे.

थोडा राग आला, खोटं कशाला सांगू. पण मग माझंही नाव घेण्यात लक्ष राहिना. चालता चालता मीच कान देऊन ऐकायला लागले.

ऊन वर आलं तेव्हा डाव्या हाताला, रस्त्याला लागूनच एक वस्ती दिसली. पत्र्याचा गोठा, दोन म्हशी, एक जर्सी. बाई पाठमोरी उभी राहून वाढ्याची पेंढी यंत्रात सारत होती. यंत्र निळं. स्वराली माझ्यापुढं चार हात होती. तिनं बघितलं आणि तिथूनच ओरडली, "बंद करा! मशीन बंद करा!"

त्या आवाजानं म्हैस उठून उभी राहिली. बाईनं बटण दाबलं आणि छातीवर हात ठेवला. "काय गं बाई, कोण गेलं?"

"झाकण कुठाय?"

"कसलं झाकण? तुमी मीटरवाल्या का?"

"न्हाय ओ. पात्यावरचं झाकण."

"ते व्हय. मालकानं धार लावायला काढलं छिन्नी घालून. मग बसंना. तिथं हाय बघा, त्याच्याखाली पिल्लं हायती."

खरंच. भिंतीकडेला ते वाकडं, कडेला फट राहिलेलं झाकण पालथं घातलं होतं आणि आत कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती.

"डालगं मोडलं आमचं," बाई म्हणाली. "ह्याला वारं लागतंय. पिल्लं गुदमरत न्हाईत. लई सोयीचं केलंय कंपनीनं."

बाईचं नाव छबूबाई. तिनं आम्हाला पाणी दिलं, पण झाकण द्यायला तयार होईना. पिल्लं घार नेईल म्हणाली. स्वराली तिला पाती दाखवत होती. चाक थांबलं होतं, तरी त्या धारेकडं बघवत नव्हतं. छबूबाई म्हणाली, "मी काय ल्हान हाय? हात कुठवर घालायचा कळतंय मला. परवा पदर ओढला ह्या कुट्टीनं. मीच ओढून घेतला परत." आणि हसत पदर पुढं धरला.

मी कापडात आयुष्य घालवलेली बाई. फाटलेलं आणि कापलेलं मला लांबून कळतं. तो पदर फाटला नव्हता. कात्री फिरवावी तसा, एका रेषेत गेला होता. पदर असतो कुठं, दंडाशेजारीच.

स्वरालीनं तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. मग भिंतीकडं गेली आणि झाकण उचलून आणलं. पिल्लं अंगणभर झाली. छबूबाई "अगं अगं" करत त्यांच्यामागं, मी तिच्यामागं. शेवटी घमेलं पालथं घातलं, एका बाजूला दगड लावून फट ठेवली आणि पिल्लं आत कोंडली. नेम मोडला म्हणाल तर मोडला. नरसिंहाचं नाव घ्यायच्या दिवशी मी कोंबडीची पिल्लं धरत होते.

मग मी झाकण दाबून धरलं आणि तिनं जुन्या टाक्याची उरलेली टोकं कानशीनं घासून भोकं पाडली. ड्रिलचा आवाज दातात जात होता. लोखंडाचा चुरा माझ्या बांगड्यांवर पडत होता. छबूबाई शेजारी उभी.

"कंपनीच्या तुमी? घरी येऊन बसवून देत्यात? चांगली कंपनी हाय."

"झाकणाचं चुकलं होतं," स्वराली मान वर न करता म्हणाली. "माझ्याकडनं."

"तुझ्याकडनं? तू काय करतीस तिथं?"

"मी मशीन काढते."

"अगं, काढून काय उपेग? बसव की!"

मला हसू आलं, पण स्वरालीला नाही. ती बोल्ट आवळत होती. आवळून झाल्यावर तिनं झाकण दोन्ही हातांनी धरून हलवलं, परत हलवलं. मग छबूबाईच्या हातात पाना दिला आणि तीन वेळा खोलायला, तीन वेळा बसवायला लावलं. "मालकाला न्हाय, तुमालाच आलं पाहिजे. वाढं तुमी घालता." निघताना तिनं विचारलं, "मशीन कुठनं घेतलं? आणखी कुणी घेतलंय का गावात?"

"मला काय ठावं? मालकानं आणलं. निळं हाय एवढं मला ठावं."

पुढच्या वाटेनं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांच्या धुळीत आम्ही कडेनं चालत होतो. मध्येच म्हणाली, "निम्म्याबी मिळाल्या न्हाईत अजून." मी दशमी पुढं केली, ती तिनं चालतच खाल्ली.

दुपार कलली तेव्हा नरसिंगपूर आलं. मी नदीवर पाय धुतले, पायऱ्या चढून आत गेले, नारळ दिला. स्वराली माझ्यामागं रांगेत होती. गाभाऱ्यासमोर तिनं हात जोडले, डोळे मिटले, लगेच उघडले, परत मिटले. बाहेर आल्यावर मी विचारलं नाही. ज्याचं त्यानं बोलावं देवाशी.

घाटावर बसलो. समोर भीमा आणि नीरा एक होतात तिथं पाणी संथ होतं. मी बसले, म्हणजे. ती दोन पायऱ्या खाली, दोन पायऱ्या वर.

"मावशी, मी व्हॉट्सअ‍ॅपच्या चार ग्रुपवर टाकलं होतं. यंत्राचा फोटो, माझा नंबर, सगळं. खाली काय आलं? दोन अंगठे आणि एक सुप्रभात."

"पुरुषांचे ग्रुप असतील."

"व्हय." ती थांबली. "तेच म्हणते मी. मशीन आणतो मालक. दुकानदाराला आठवला तर मालक आठवतो. ग्रुपवर मालक. दादासाहेब म्हणतात मालक येईल. आणि त्यात हात घालते कोण? छबूबाईला कंपनी ठाऊक न्हाय, दुकान ठाऊक न्हाय. रंग ठाऊक हाय. मी चुकीच्या माणसांना विचारत फिरले इतके दिवस."

खरं होतं.

ती माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसली. एकदाची बसली. पिशवी मांडीवर घेतली, तिचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"मावशी, तुमच्याकडं कुठनं कुठनं बायका येत्यात. लग्नसराईत तर दारात चपला मावत न्हाईत. एक काम कराल? प्रत्येकीला विचारायचं, घरी निळी कडबाकुट्टी हाय का, आणि तिच्या पात्यावर झाकण हाय का. कंपनीचं नाव सांगू नका, पाहिजे तर माझंच सांगा. चूक माझी म्हणून सांगा. आणि एखादी न्हाय म्हणली ना, तर तिला तिथंच बसवून ठेवा, जाऊ देऊ नका, आणि मला हाक मारा. ब्लाऊजचं नंतर. आधी हे विचारायचं. विचाराल का?"